पुसातली आग

आज नकाशावर तीन जागा शोधून ठेवा. पहिली, नर्मदेच्या दक्षिणेला, पचमढीच्या पायथ्याशी असलेलं बोरीचं जंगल. दुसरी, कुमाऊंमधला अल्मोडा. तिसरी, कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला चामराजनगर जिल्ह्यातले बिळिगिरीरंगन डोंगर. या तिन्ही ठिकाणी एकच वाद वेगवेगळ्या काळात झाला. जंगलात आग लावणारा माणूस गुन्हेगार की राखणदार?

इतिहासात शिरण्याआधी स्वतःची एक चूक सांगतो, कारण या विषयाकडे मी त्या चुकीच्या वाटेनेच आलो. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. मी नवा कॅप्टन. मध्य भारतातल्या एका फील्ड फायरिंग रेंजवर कंपनी घेऊन गेलो होतो. डिसेंबर संपत आला होता. आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, रेंजच्या कडेचं गवत पट्ट्यापट्ट्याने जाळून घेऊ. दरवर्षी घेतात." मला ते धोक्याचं वाटलं. खरं सांगायचं तर कटकटीचं वाटलं. जंगलाला लागून आग लावायची, आणि उद्या काही झालं तर कागद माझ्या नावावर. मी म्हटलं, नंतर बघू.

मार्चमध्ये ट्रेसरच्या गोळ्या टार्गेटच्या मागच्या वाळल्या गवतात पडल्या आणि बघता बघता अख्खी टेकडी पेटली. दुपारी एकपासून अंधार पडेपर्यंत शंभर जवान हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपत होते. कुणाचा जीव गेला नाही. पण पलीकडच्या गावाने उन्हाळ्यासाठी राखलेला चारा गेला. संध्याकाळी तिथला एक म्हातारा माझ्याजवळ आला. तो चिडलेलाही नव्हता. एवढंच म्हणाला, "साहब, पूस में जला लेते, तो आज नहीं जलता." पूस म्हणजे पौष. मला त्याचा राग आला. त्याचं म्हणणं समजायला मला निवृत्त व्हावं लागलं आणि बरीच जुनी पुस्तकं चाळावी लागली.

पौष आणि फाल्गुन यांतला फरक समजला की पुढचा सगळा इतिहास समजतो, म्हणून तो आधी सांगतो. पौषात गवताचा शेंडा वाळलेला असतो, पण बुडखा ओला असतो. रात्री दव पडतं, पालापाचोळा खालून दमट राहतो, वारा मंद असतो. अशा वेळी लावलेली आग गुडघ्याएवढी उठते, रांगत जाते आणि ओल लागली की आपोआप विझते. माती उष्णता खाली जाऊ देत नाही, त्यामुळे दोन-चार बोटं खाली गवताची मुळं शाबूत राहतात आणि जाड सालीच्या झाडाला फक्त काजळी लागते. जाणती माणसं अशी आग डोंगराच्या माथ्यावर लावतात, पायथ्याशी नाही. ज्वाला वर जाते, उतारावरचं वरचं गवत आधीच तापवते, म्हणून खालून लावलेली आग डोंगर चढताना धावते. माथ्यावरून लावलेली आग उलटी, पाय मागे टाकत उतरते. वाऱ्याचंही तसंच. त्याच्या तोंडावर लावली तर ती सावकाश चालते. फाल्गुन-चैत्रात हे काहीच राहत नाही. सगळं खडखडीत वाळलेलं, वारा सुटलेला, आणि पौषात न जाळलेला पाचोळा तसाच साठलेला.

आपल्या भाषेत या दोन आगींना वेगवेगळे शब्द आहेत. वणवा लागतो. राब भाजतात. ठाणे, रायगड आणि मावळ भागात भाताच्या रोपासाठी वाफ्यावर शेण, फांद्या, पाला, गवत आणि वरून माती असे थर देऊन तो राब सावकाश धुमसवतात, म्हणजे तणाचं बी मरतं आणि रोपाला राख मिळते. राब ही शेतातली आग, जंगलातली नव्हे, हे मान्य. पण "भाजणं" या क्रियापदात माणूस जवळ उभा आहे, आगीवर त्याचं लक्ष आहे, हे येतं. इंग्रज सरकारच्या कायद्यात मात्र आगीला एकच शब्द होता. ठाणे आणि कुलाब्याच्या लोकांनी राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क इतक्या जोरात मागितला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी खास वन आयोग नेमावा लागला. ती गोष्ट स्वतंत्र भागाची आहे. आज बोरीकडे जाऊ.

बोरीच्या जंगलाचा आपल्याशी एक जुना धागा आहे. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा तिथला कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. पुढे तो पकडला गेला आणि १८६० मध्ये मारला गेला. त्याचा मुलूख जप्त झाला. त्या जप्त मुलखातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. देशातलं सर्वांत जुनं राखीव जंगल म्हणून त्याचं नाव घेतात. आज ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे. भारतीय वनखात्याचा पाया असा बंड मोडून मिळालेल्या जमिनीवर घातला गेला, हे वनविद्येच्या पुस्तकांत फारसं सापडत नाही.

या जंगलात आग पूर्ण बंद करण्याचा पहिला मोठा प्रयोग कॅप्टन पिअर्सन या फौजी अधिकाऱ्याने केला. आमच्याच जातीचा माणूस, म्हणून त्याच्याविषयी जरा सहानुभूतीने बोलतो. तेव्हा वनखात्यात तयार माणसं नव्हती, म्हणून सैन्यातले अधिकारी आणि वैद्यकीय खात्यातले डॉक्टर तिथे जात. वर बसलेले डिट्रिश ब्रँडिस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ते ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत काम करून आले होते आणि १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते. उन्हाळ्यातल्या आगीत सागाची कोवळी रोपं जळत, मोठ्या खोडांना पोकळ्या पडत. युरोपात शिकलेल्या माणसाला आग म्हणजे जंगलाचा शत्रू, यात शंका घ्यायलाच जागा नव्हती. गोंड आणि कोरकू दरवर्षी जंगल जाळतात, हा त्यांना निव्वळ आळस आणि अज्ञान वाटे.

पिअर्सनला सुरुवातीला त्याचेच सहकारी हसले. एवढ्या मोठ्या जंगलातली आग थांबवणं म्हणजे पाऊस थांबवण्यासारखं आहे, असं बहुतेकांचं मत होतं. पण पिअर्सन चिकाटीचा होता आणि बोरीत तो यशस्वी झाला. आग थांबल्यावर सागाची रोपं तरारली. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मध्य भारतातल्या कोरड्या सागवनांना काही वर्षं आग नसण्याचा फायदा झाला. त्या यशावरच पुढचं धोरण उभं राहिलं. पिअर्सन नंतर फ्रान्समधल्या नान्सी इथे भारतात येणाऱ्या तरुण वनाधिकाऱ्यांच्या शिक्षणावर देखरेख करायला गेला.

आता यातली गंमत बघा. आग अडवायची पद्धत काय होती? जंगलाभोवती आणि जंगलातून रुंद पट्टे आखायचे, त्यांतलं गवत कापायचं, आणि थंडी संपता संपता ते पट्टे जाळून टाकायचे. यालाच आपल्याकडे जाळरेषा म्हणतात. म्हणजे आग बंद करायला आधी आगच लावायची. ती कुणी लावायची? वारा कुठून येतो, गवत किती ओलं आहे, हे कुणाला कळतं? त्याच गावकऱ्यांना. जे काम ते आपल्या अकलेने करत, तेच आता हुकमाने, मजुरीवर आणि फक्त आखलेल्या रेषेत करायचं. रेषेबाहेर केलं तर १८७८ च्या वन कायद्याखाली गुन्हा. त्याच कायद्याने जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यावर आग विझवायला धावून येण्याचं बंधनही घातलं. आजही लागू असलेल्या १९२७ च्या कायद्यात या दोन्ही गोष्टी आहेत. बोलावल्यावर न येणं हाही गुन्हा.

पहिला धक्का खात्याला बाहेरून नाही, आतून बसला. ब्रह्मदेशातल्या ओल्या सागवनांत आग बंद केल्यावर सागाची रोपं वाढण्याऐवजी कमी होऊ लागली. बांबू आणि सदाहरित झुडपांनी जमीन झाकली. १८९६ मध्ये स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने "इंडियन फॉरेस्टर" मासिकात ब्रह्मदेशात आगीपासून जरा जास्तच संरक्षण चाललंय, असा लेखच लिहिला. विचार करा, वीस-पंचवीस वर्षं ज्या गोष्टीवर बढत्या मिळाल्या, तीच चूक आहे असं खात्याच्या मासिकात छापायचं!

मग सालाची पाळी आली. साल म्हणजे छत्तीसगडकडची सरई. रेल्वेच्या स्लीपरांसाठी याला तोड नाही. सालाचं बी ऐन पावसाच्या तोंडावर पडतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. तेवढ्या दिवसांत त्याचं मूळ मातीला टेकलं पाहिजे. वर्षानुवर्षं न जळलेल्या पाचोळ्याची गादी खाली असेल तर मूळ अधांतरी लोंबकळतं आणि वाळतं. शिवाय रोपाला ऊन हवं. उत्तर बंगालच्या दुआर भागात आणि आसामात आग बंद झाली आणि सालाच्या जंगलात म्हातारी झाडं उरली, पोरं दिसेनात. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत खात्यालाच पुन्हा जाळायची बुद्धी झाली. पण तोपर्यंत काही ठिकाणी खालची झाडी इतकी दाट आणि ओली झाली होती, की आग लावायची म्हटली तरी लागेना. बंगालच्या वनखात्यातल्या शेबेअर यांनी १९२८ मध्ये भारतातल्या आग-संरक्षणाच्या या सगळ्या उलटसुलट प्रवासावर निबंध लिहिला. हे तेच शेबेअर, जे १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत वाहतूक अधिकारी होते. सामान आणि हमाल वेळेवर वर पोचवणारा माणूस. अशा माणसाला कागदावरचं धोरण आणि जमिनीवरची गोष्ट यांतला फरक लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

खात्याने स्वतःची आग परत घेतली, पण तिला नवं नाव दिलं: नियंत्रित दहन. गावकऱ्याची आग मात्र गुन्हाच राहिली. याचा स्फोट झाला कुमाऊंमध्ये.

कुमाऊंचे डोंगर ज्यांनी पाहिलेत त्यांना चीडची झाडं आठवतील. त्यांच्या सुयांसारख्या पानांना तिथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे पिरूल इतकं पडतं की उतार काचेसारखे गुळगुळीत होतात. बूट घालून चालताना आमचे जवान घसरत, तिथे गाईचं काय? पिरूलखाली गवतही उगवत नाही. म्हणून गावकरी ते जाळत आणि पाऊस पडला की त्या जागी कोवळा चारा येई. १९११ ते १९१७ दरम्यान सरकारने कुमाऊंची प्रचंड जंगलं राखीव केली. चीडपासून लिसा म्हणजे राळ निघते, तिचा मोठा धंदा उभा राहत होता. लिशासाठी खाच पाडलेलं झाड मशालीसारखं पेटतं, म्हणून आगीवर कडक बंदी आली. चराईवर, फांद्या तोडण्यावरही बंधनं आली.

वर्ष लक्षात घ्या. याच काळात कुमाऊं-गढवालचे हजारो तरुण फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढत होते. ते परत आले तेव्हा गावाच्या माथ्यावरचं जंगल सरकारचं झालं होतं. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत बुडवल्या. आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊंची जंगलं पेटली. दोन लाख एकरांहून अधिक जंगल जळालं. अल्मोडा भागात शेकडो आगी लागल्या आणि त्यांतल्या अनेक मुद्दाम लावलेल्या होत्या.

ही आग पौषातली नव्हती, हे मी लपवत नाही. ती रागाची आग होती. उन्हाळ्यात लावलेली, नुकसान व्हावं म्हणूनच लावलेली. पण रामचंद्र गुहा यांनी "द अनक्वायट वुड्स" या पुस्तकात एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. जळाली ती चीडची, म्हणजे सरकारच्या धंद्याची जंगलं. बांज आणि इतर रुंद पानांची जंगलंही सरकारच्याच ताब्यात होती, पण ती जाळल्याचा पुरावा नाही. बांज पाणी धरून ठेवतो, त्याचा पाला जनावरं खातात. संतापाच्या भरातही लोकांना काय जाळायचं आणि काय नाही, हे ठाऊक होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टार्गेट ठरलेलं होतं आणि गोळी इकडेतिकडे गेली नाही.

सरकारने त्याच वर्षी कुमाऊं वन तक्रार समिती नेमली. तिने पाच हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. राखीव जंगलाचा मोठा भाग वनखात्याकडून काढून घेतला गेला आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात दहा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. त्यातल्या काही उत्तम चालतात, काही कागदावर आहेत. पण २०१६ च्या एप्रिल-मेमध्ये तिथली जंगलं पुन्हा पेटली आणि हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांना भीमताल तलावातून बादल्या भरून पाणी ओतावं लागलं. एका उड्डाणाचा खर्च काढला तर त्यात किती गावांचं किती वर्षांचं पिरूल गोळा झालं असतं, याचा हिशोब मी मनात करत बसलो होतो. फौजेत असताना लागलेली सवय.

आता तिसरी जागा. बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या भाषेत पाचोळ्याच्या आगीला "तरगु बेंकी" म्हणतात. थंडी सरता सरता जमिनीवरून रांगत जाणारी छोटी आग. १९७४ मध्ये हे जंगल अभयारण्य झालं. शेती फिरवणं, शिकार आणि आग, तिन्ही बंद झालं. अभयारण्यात आग लावण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेगळी बंदी आहेच.

पुढच्या तीस वर्षांत तिथे दोन गोष्टी वाढल्या. एक घाणेरी. तुम्ही टणटणी म्हणत असाल, इंग्रजीत लँटाना. अमेरिका खंडातलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून भारतात आणलं गेलं. १९९७ मध्ये संशोधकांनी या डोंगरात जे चौकोन आखून पाहिले, त्यांतल्या ४१ टक्क्यांत घाणेरी होती. २००८ मध्ये तेच काम पुन्हा केलं तेव्हा ती ८१ टक्क्यांत होती. दुसरी गोष्ट बांडगूळ. सोलिगांचं मोठं उत्पन्न जंगली आवळ्याचं, आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ माजलं. झाडं वाळू लागली. तुमच्या ओरबाडण्यामुळे आवळा संपतोय, असा त्यांच्यावर ठपका होता. सोलिगा म्हणत होते, तरगु बेंकी बंद झाली म्हणून बांडगूळ वाढलं. आगीच्या धगीने ते मरायचं. घाणेरीचंही तेच, कोवळी असताना जळायची.

सोलिगांचं सगळं म्हणणं शंभर टक्के सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. आगीत जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, कोवळी रोपं जातात, हा वनाधिकाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. आणि आपल्या सह्याद्रीत दर फेब्रुवारी-मार्चमध्ये जे डोंगर काळे होतात, त्यातलं फार थोडं जाणत्या हातांचं असतं. बिडीचं थोटूक असतं, पर्यटकाची शेकोटी असते, कधी नुसती मस्ती असते. तेव्हा हे ऐकून कुणी काडी ओढायला जाऊ नका. सोलिगा माणूस दिवस, वारा, दव आणि उतार बघून आग लावत असे. ते बघणं हीच त्याची विद्या होती. आपल्याकडे फक्त काडी आहे.

माझं दुखणं वेगळं आहे. शास्त्रज्ञांनी सोलिगांना विचारायला सुरुवात केली तोवर उशीर झाला होता. आज त्या डोंगरात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त घाणेरी आहे. आता पौषात जरी आग लावली, तरी ती गुडघ्याएवढी राहणार नाही. घाणेरीच्या शिडीवरून झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाईल. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेजारच्या बंदीपूरमध्ये दहा हजार एकरांच्या आसपास जंगल जळालं, तेव्हा जळणाला तोटा नव्हता. म्हणजे जुनी आग आता परवानगी मिळाली तरी लगेच परत आणता येत नाही. आधी घाणेरी मुळासकट उपटायची, एकेक तुकडा मोकळा करायचा, आणि मग बघायचं. दुआरमध्ये ओलीमुळे आग लागेना, इथे लागली तर आवरणार नाही. कारणं उलटी, पण गमावलेली गोष्ट एकच. २०११ मध्ये बिळिगिरीरंगन व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली सोलिगांच्या ग्रामसभांना सामुदायिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिली वेळ. मध गोळा करणं, आवळा गोळा करणं यांसाठी त्याचा उपयोग होतो. आगीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे, आणि ज्यांनी तरगु बेंकी स्वतःच्या हाताने लावली ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

आणि तरी दरवर्षी जानेवारी आला की दक्षिणेतल्या या जंगलांत फायर वॉचर म्हणून हंगामी माणसं घेतली जातात. त्यांत जंगलातलीच माणसं मोठ्या संख्येने असतात. जाळरेषांचं गवत कापून वाळत घालतात. मग एखाद्या सकाळी, दव पुरतं उडायच्या आत, ती मूठभर माती उडवून वारा बघतात आणि वरच्या टोकाकडून रेषा पेटवत खाली येतात. संध्याकाळी मजुरीच्या मस्टरवर सह्या होतात.